अमक्याची बायको, तमक्याची सून



निवडणुकीस उभी राहिलेली स्त्री आणि तिच्याविषयी लिहिणारे वर्तमानपत्र, हा आजचा विषय आहे. तो ऐकताच काही मंडळींस वाटेल की, हा बायकांचा विषय; तो हळदीकुंकवाच्या दिवशी महिला मंडळात मांडावा. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. हा मतदाराचा विषय आहे, आणि मतदार म्हणून या मांडवात बसलेले आपण सारेच एका पंगतीचे आहोत. वर्तमानपत्राने उमेदवार स्त्रीची थट्टा केली तर तिचा अपमान होतो हे खरेच; पण तिच्याइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, नुकसान आपले होते. ते कसे, एवढेच आम्हांला आज सांगावयाचे आहे.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारांच्या याद्या तयार होऊ लागल्या, तेव्हा एक विलक्षण अडचण उभी राहिली. याद्या करणारा कारकून दारात जाऊन विचारी, ‘बाईंचे नाव काय?’ आतून उत्तर येई, ‘अमक्याची बायको, तमक्याची आई असे लिहा.’ परक्या माणसास आपले नाव सांगावयाचे नाही, अशी रीत होती. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी निक्षून सांगितले की, असे चालणार नाही; ज्या व्यक्तीस मत आहे तिला नाव असलेच पाहिजे. नावे देण्यास पुन्हा अवसर देण्यात आला. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची खरी नावे मिळाली नाहीत, आणि त्या यादीतून वगळल्या गेल्या. त्यांतील बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या. निर्णय कठोर होता. परंतु पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याचा परिणाम दिसून आला आणि बायकांची नावे याद्यांत आली.

म्हणजे ‘अमक्याची बायको’ म्हणून कोणास मत देता येणार नाही, हे निवडणूक आयोगाने पहिल्या निवडणुकीच्या वेळीच ठरवून टाकले. मग ‘अमक्याची बायको’ म्हणून कोणी मत मागत आहे, असे वर्तमानपत्राने आज का लिहावे? मतदार यादीतून जी रीत आपण हद्दपार केली, ती पहिल्या पानावरच्या मथळ्यात मात्र सुखाने नांदत आहे.

उदाहरणासाठी दूर जावयाचे कारण नाही. आपला तालुका अमरावती जिल्ह्यात असला, तरी लोकसभेचे मत आपण वर्धा मतदारसंघात देतो. २०१९ साली तेथे काँग्रेसतर्फे चारुलता टोकस उभ्या होत्या. त्या महाराष्ट्र प्रदेश महिला काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या. परंतु त्यांची ओळख करून देताना लेखणी आधी ‘प्रभा राव यांच्या कन्या’ या शब्दांकडे वळे. प्रभा राव या वर्ध्याच्या खासदार होत्या, पुढे राज्यपाल झाल्या. त्यांची कन्या असणे ही अभिमानाचीच गोष्ट. प्रश्न एवढाच आहे की, ओळख तेथेच संपली तर मतदाराला काय कळले?

दुसरे उदाहरण शेजारच्या चंद्रपूरचे. प्रतिभा धानोरकर २०१९ साली वरोऱ्याहून विधानसभेवर निवडून आल्या. २०२३ साली त्यांचे पती, खासदार बाळू धानोरकर यांचे निधन झाले. २०२४ साली त्या स्वतः लोकसभेस उभ्या राहिल्या आणि अडीच लाखांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. पाच वर्षे आमदार असलेल्या बाईंची चर्चा ‘सहानुभूती मिळेल की नाही’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहिली. आमदार म्हणून त्यांनी काय केले, चांगले केले की वाईट केले, हा प्रश्न मागच्या बाकावर बसला. वैधव्य हीच जणू त्यांची पात्रता, आणि वैधव्य हीच त्यांची परीक्षा!

आता अमरावतीकडे वळू. उषा चौधरी १९८० आणि १९८४ साली, प्रतिभा पाटील १९९१ साली आणि नवनीत राणा २०१९ साली, अशा स्त्रियांना अमरावतीने लोकसभेत पाठविले. या बाबतीत हा जिल्हा मागासलेला आहे असे कोणी म्हणू नये. प्रतिभाताई तर १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. त्यांचा विवाह झाला तो १९६५ साली. आधी आमदार, मग कोणाची पत्नी, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पण २००७ साली त्या राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा चर्चा काय झाली? स्त्रीला ‘राष्ट्रपती’ म्हणावे की आणखी काही म्हणावे! ‘सभापती’, ‘सेनापती’ या शब्दांतला ‘पती’ म्हणजे स्वामी, प्रमुख; त्याचा नवऱ्याशी संबंध नाही, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. परंतु बाई उमेदवार झाली की आम्हां सुशिक्षितांचे व्याकरणसुद्धा डळमळू लागते.

नवनीत राणा यांचे उदाहरण अधिक बोलके आहे, आणि ते पक्षाभिमान बाजूस ठेवून पाहिले पाहिजे. त्या राजकारणात येण्यापूर्वी दक्षिणेकडील चित्रपटांत काम करीत. २०१४ साली त्या हरल्या, २०१९ साली अपक्ष म्हणून जिंकल्या, २०२४ साली भारतीय जनता पक्षातर्फे लढल्या आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे यांच्याकडून पराभूत झाल्या. एप्रिल २०२४ मध्ये प्रचारासाठी आलेले शिवसेनेच्या ठाकरे पक्षाचे नेते संजय राऊत यांनी त्यांना ‘नाची’ म्हटले. तो शब्द मग फिरू लागला. एकाने निषेध म्हणून छापला, दुसऱ्याने खुलासा म्हणून, तिसऱ्याने पडसाद म्हणून. निषेध करणाऱ्याच्याही मथळ्यात तोच शब्द! होळी संपली तरी शिमग्याची बोंब चालू राहावी, तसा प्रकार झाला.

आता तुलना करून पाहा. शिरूरचे अमोल कोल्हे हेही नट. छत्रपती शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांच्या भूमिकांनी ते घराघरांत पोहोचले आणि २०१९ व २०२४ साली खासदार झाले. विरोधकांनी त्यांनाही नट म्हणून हिणवले. परंतु ते हिणवणे ‘हे नाटकी आहेत’ एवढ्यावर थांबले. त्यांच्या शिलाकडे कोणी बोट दाखविले नाही. आंध्रात रामाराव चित्रपटांत देवांच्या भूमिका करीत करीत १९८३ साली मुख्यमंत्री झाले. धंदा एकच, पुरुषाला त्यातून वलय मिळाले, बाईला डाग मिळाला.

पण आमची खरी तक्रार याहून निराळी आहे. अमरावती हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ होता. नवनीत राणा यांचे जात-प्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्द केले, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. राखीव जागेवर कोणाचा हक्क, प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते, दोन न्यायालयांनी निरनिराळा विचार का केला, हा प्रश्न किती गंभीर! तो सोप्या मराठीत नीट समजावून सांगावा, असा होता. शिवाय त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० रुपये जाहीर झालेला आणि बाजारात त्याखाली भाव. मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा तर कित्येक वर्षांची. या साऱ्याबद्दल पाच वर्षे खासदार असलेल्या बाईंना जाब विचारावयास हवा होता. जाब विचारणे हा त्यांचा अपमान नव्हता. तो त्यांचा आणि आपला हक्क होता. परंतु होळीला त्या मेळघाटात नाचल्या, याचे छायाचित्र जितक्या सहज छापले जाई, तितक्या सहज मेळघाटचा प्रश्न छापला जात नसे. अशी छायाचित्रे उमेदवारालाही हवीच असतात, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच सांगतो की, थट्टा करणारा वार्ताहर बाईचा अपमान करतो आणि त्याच वेळी तिला सूटही देतो. जिला शोभेची बाहुली ठरविले, तिला हिशेब कोण विचारणार? अपमान तिच्या पदरात, आणि सुटीचे नुकसान आपल्या पदरात.

हा रोग नवा नाही. त्यावरचा पहिला कडक उपाय आपल्या वऱ्हाडातूनच झाला. १८८१ साली सुरत जिल्ह्यात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आपल्या अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. त्या निमित्ताने पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्राने एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. जो दोष तुम्ही स्त्रीस लावता तो पुरुषात नाही काय, हा त्यांचा रोखठोक प्रश्न. पुस्तक पुढे विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. बुलढाण्यासारख्या गावी बसलेली एक बाई वर्तमानपत्र वाचते, चिडते आणि शिव्याशाप न देता सरळ तुलना मांडते. आजही याहून चांगली रीत आम्हांला सुचत नाही, आणि शेवटी आम्ही त्याच रीतीकडे येणार आहोत.

‘हे आपल्याच मागास देशात चालते’, असेही कोणी समजू नये. मार्च २०१७ मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याची औपचारिक नोटीस देणार होते. आदल्या दिवशी लंडनच्या ‘डेली मेल’ने पंतप्रधान थेरेसा मे आणि स्कॉटलंडच्या नेत्या निकोला स्टर्जन यांचे शेजारी बसलेले छायाचित्र पहिल्या पानावर छापले. मथळ्याचा आशय असा की, देशाच्या प्रश्नाचे राहू द्या, कोणाचे पाय अधिक सुरेख ते बोला! राष्ट्राचे भवितव्य टांगणीला लागले होते, आणि वर्तमानपत्र पाय मोजीत बसले होते.

आपल्याकडे पाय मोजीत नाहीत. आपल्याकडे नाते मोजतात. २०२४ साली बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर आल्या. एक २००९ पासून त्या मतदारसंघाच्या खासदार. दुसऱ्या काटेवाडीतील ग्रामस्वच्छतेच्या कामापासून बारामतीच्या वस्त्रोद्योग उद्यानापर्यंत स्वतःचे काम असलेल्या. महाराष्ट्रभर मथळा एकच: ‘नणंद विरुद्ध भावजय’. मग लेक कोण, सून कोण, सासरची कोण, माहेरची कोण, असा जात्यावरचा विषय सुरू झाला. ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ असा भेद खुद्द शरद पवार यांच्या तोंडून निघाला, आणि मग सुनेत्राबाईंच्या डोळ्यांतल्या पाण्यावरही बातम्या झाल्या. सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. नणंद जिंकली, असे लोक म्हणाले. खासदार कोण झाली आणि कशासाठी, हे म्हणावयाचे राहून गेले.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, काका-पुतण्याचेही असेच छापतात की!’ छापतात, हे खरे. महाराष्ट्रातले वर्तमानपत्र काका-पुतण्यावाचून जगू शकेल असे आम्हांलाही वाटत नाही. परंतु फरक पाहा. काका-पुतण्याचे भांडण ‘सत्तासंघर्ष’ या नावाखाली छापले जाते. त्यात डावपेच असतात, आमदारांची मोजदाद असते. नणंद-भावजयीचे भांडण ‘घरगुती’ या नावाखाली छापले जाते. त्यात रुसवे असतात, डोळ्यांत पाणी असते. पुरुषांचे नाते राजकारण होते, आणि बायकांचे राजकारण नाते होते.

आमच्या बोलण्यातल्या साध्या शब्दांतही हे मुरलेले आहे. पुरुष पुढारी झाला की तो ‘भाऊ’, ‘दादा’ किंवा ‘साहेब’ होतो. स्त्री ‘ताई’, ‘अक्का’ किंवा ‘वहिनी’ होते. ‘दादा’ या शब्दात थोरला भाऊ आहे आणि दराराही आहे. ‘साहेब’ शब्दात नाते मुळीच नाही, नुसता अधिकार आहे. ‘ताई’ शब्दात माया आहे, दरारा नाही. आणि ‘वहिनी’ हा शब्द उच्चारताच शेजारी तिचा नवरा येऊन उभा राहतो. हे शब्द वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या स्त्रीला ‘ताई’ हा शब्द एक कवच असतो. त्या कवचाआडून ती परक्या पुरुषांच्या सभेत निर्धास्त बोलू शकते. सभेत ताई म्हणा, वहिनी म्हणा. बातमीत मात्र नाव लिहा.

एक आक्षेप याहून वजनदार आहे. ‘बाई खरोखरच नवऱ्याने उभी केलेली असेल तर? गावचा सारा कारभार तोच पाहत असेल तर? तेही लिहू नये काय?’ लिहावे, अवश्य लिहावे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत, आणि ‘सरपंचपती’ नावाचे एक पद कोणत्याही कायद्यात नसता गावोगाव निर्माण झाले आहे. त्याचा विचार करण्यासाठी केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाला २०२३ साली समिती नेमावी लागली. असा प्रकार उघडकीस आणणे हे वर्तमानपत्राचे कामच आहे. पण घडते काय? ‘सरपंचपती यांच्या हस्ते उद्घाटन’ अशी बातमी येते, छायाचित्रात नारळ फोडणारे ते, आणि ज्यांच्या नावाने निवडणूक झाली त्या बाई तिसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन. ही बातमी गैरप्रकार उघड करीत नाही. त्यास मान्यता देते. ज्या वार्ताहराला हा प्रकार खटकतो, त्याने पतिराजांस विचारावे, ‘आपण कोणत्या अधिकाराने आलात?’ आणि बाईंस विचारावे, ‘पाणीपुरवठ्याच्या योजनेचा खर्च किती झाला?’ पहिल्यांदा त्या नवऱ्याकडे पाहतील. दुसऱ्यांदा ग्रामसेवकाकडून कागद मागवतील. तिसऱ्यांदा स्वतः सांगतील. प्रश्न विचारल्यावाचून उत्तर देण्याची सवय कोणालाच लागत नाही.

या विषयात काय पणाला लागले आहे, ते २०२४ च्या आकड्यांत दिसते. त्या वर्षी महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत ७ स्त्रिया निवडून आल्या, आणि २८८ आमदारांत २१. संसदेने २०२३ साली लोकसभा व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवणारा कायदा मंजूर केला. जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यानंतर तो अमलात यावा, अशी त्यात तरतूद होती. जागा कायद्याने मिळतील. उमेदवार कोठून येणार? त्या आपल्याच घरांतून यावयाच्या आहेत. बचत गटाचा चोख हिशेब ठेवणारी, शाळेवर तीस वर्षे घालविलेली, कपाशीच्या बियाण्यापासून पीककर्जापर्यंत सारे जाणणारी बाई प्रत्येक गावात आहे. तिला उभे राहा म्हटले, तर अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री घरात पहिला विचार पैशांचा होत नाही. ‘पेपरात काय काय छापून येईल’, हा होतो. आणि पुष्कळदा अर्ज भरला जात नाही. ज्या बाईला सांगण्यासारखे पुष्कळ आहे ती घरी राहते, आणि जिला घरच्यांनी गप्प बसण्याच्या अटीवर उभे केले ती निवडून येते. मग आम्ही म्हणतो, ‘बायका काही बोलतच नाहीत.’

पुढाऱ्यांच्या जिभेला निदान थोडी वेसण आहे. मे २०२२ मध्ये चंद्रकांत पाटील यांनी सुप्रिया सुळे यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला. त्यांना राज्य महिला आयोगाकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०२४ साली अरविंद सावंत यांनी शायना एन. सी. यांच्या संदर्भात ‘माल’ हा शब्द वापरला. गुन्हा नोंदला गेला आणि त्यांनाही दिलगिरी व्यक्त करावी लागली. पक्ष निरनिराळे, खोड एकच. परंतु निवडणूक आयोगाचा दंडक पुढाऱ्याला लागतो. मथळा करणाऱ्याला तितका लागत नाही. आणि आता तर बातमी खिशातल्या मोबाईलवर येते, आणि ती पुढे धाडण्यापूर्वी वाचून पाहणारा संपादक मध्ये उरलेला नाही. तेथे संपादक आपणच.

म्हणून उपाय आपल्याच हाती आहे, आणि तो ताराबाईंचाच आहे: तुलना. बातमी वाचावी आणि बाईच्या जागी पुरुष घालून पाहावा. ‘निळ्या सदऱ्यात अर्ज भरावयास आलेले अमुकराव, अमुकबाईंचे पती, दोन मुलांचे वडील, घर सांभाळून राजकारण करतात.’ हसू आले ना? जे वाक्य पुरुषाबद्दल हास्यास्पद ठरते, ते स्त्रीबद्दलही छापू नये. आणि जो प्रश्न पुरुषाला विचारला जातो, तो स्त्रीलाही सोडू नये. ही कसोटी दुधारी आहे. ती बाईस थट्टेपासून वाचविते आणि हिशेबापासून मुळीच वाचवीत नाही.

साहित्याची तर उणीव नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते. खासदाराने सभागृहात किती प्रश्न विचारले, ते पाहावयास मिळते. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सभांचे इतिवृत्त असते. हे कागद चाळणारा वार्ताहर साडीच्या रंगाकडे पाहणार नाही. त्याला वेळच उरणार नाही. आणि आपणही दैनिकाचे गिऱ्हाईक आहोत. भाजी किडकी निघाली तर आपण बाजारात भांडतो. मग बातमी किडकी निघाली तर संपादकास पत्र का लिहू नये? या गावातून दहा पत्रे गेली, तर अमरावतीच्या कचेरीत त्यांची दखल घ्यावीच लागेल.

पुढची निवडणूक नगर पंचायतीची असो, जिल्हा परिषदेची असो की लोकसभेची असो. उमेदवार बाईंचे नाव वाचताना त्यांचे काम काय, हे जर बातमीत सापडले नाही, तर आपली फसवणूक झाली असे समजावे आणि ते काम शोधून काढावे. चांगले असेल तर मत द्यावे. वाईट असेल तर खुशाल पाडावे. स्वतःच्या नावावर, स्वतःच्या कामामुळे पडण्याचा अधिकारही स्त्रीला मिळाला पाहिजे.